शिक्का

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
परभणी, जिंतूर, सेलू, मानवत.
आठवडी बाजारात आमची जीप शिरली
की पारड्यांखाली चिकटवलेले मेणाचे गोळे
आपोआप गळून पडायचे.
वजनाच्या बुडाशी भोक असतं, भोकात शिसं,
शिशावर माझ्या हातोडीचा ठोका:
तिमाहीचं अक्षर, सालाचे दोन आकडे.
खातूनबी बागवानच्या दोन किलोवर
असे माझे सात ठोके आहेत.

आता निवृत्त. साखर दोनशे चाळीस.
भाचीनं पुण्याहून यंत्र पाठवलं,
साबणाच्या वडीएवढं.
सालीवर टेकवायचं, उजेड आत जातो,
काहीतरी विचारून परत येतो,
आणि मोबाइलवर गोडीचा आकडा उमटतो.
"आठच्या आतलं खा मामा.
आता कुणी फसवणार नाही तुम्हाला."
आधी कुणी फसवलं होतं, ते मी विचारलं नाही.

अकरावा रोजा. स्टेशन रोड.
साडेपाच वाजले तरी ऊन गाड्यांवरून उतरेना.
खातूनबीकडं खरबुजांची रास,
गंगाखेडच्या वाळूतली, जाळीदार.
मी यंत्र टेकवलं.
"काय लावायलाव साहेब? ताप आलाय का त्याला?"

अकरा पूर्णांक दोन.
तिनं ते उचललं, देठाशी नाक नेलं,
अंगठ्यानं बूड दाबलं, परत ठेवलं.
"गोड हाय. पण उद्या."
यंत्रात उद्याची सोय नव्हती.

मी म्हटलं, मला फिकंच पाहिजे.
तिनं पदर सावरला, राशीकडं पाहिलं,
जणू पोरींसमोर कुणी वंगाळ बोललं.
"फिकं मागणारं पयलंच गिऱ्हाईक.
फिकं निघतंय एखादं, न्हाई कोण म्हणतंय,
पण फिकं म्हणून मी इकू कसं?"

तिच्या हाताखालच्या अल्तमशनं
यंत्र स्वतःच्या गालाला लावलं.
फळ ओळखता आले नाही, असं पडद्यावर आलं.
तो इतका हसला, इतका हसला,
की थुंकी गिळली की नाही
याचीच त्याला पंचाईत पडली.

मग खातूनबीनं यंत्र हातात घेतलं
आणि उलटं केलं. माझ्याच पद्धतीनं, बुडाकडून.
"शिक्का कुठं हाय हेच्यावर?"

शिसं नव्हतं. भोक नव्हतं.
बारीक अक्षरांची एक चिकटपट्टी होती
आणि चष्मा घरी राहिला होता.

"म्हंजे हेला कुणीच तपासत न्हाई?
माझं दोन किलो चार ग्रॅम उणं निघालं
तवा तुमी पावती फाडली व्हती."

फाडली होती. दोनशेची. तारीखसुद्धा आठवते.
आठवते म्हणूनच बोललो नाही.

त्या वेळी गाड्याशी आम्ही तिघं होतो:
साखरेचा मी, रोज्याची ती,
आणि जीभ नसलेलं यंत्र.
गोडीबद्दल तिघांचंही मत पक्कं.

शेवटी एक सापडलं, सात पूर्णांक सहा.
तिनं वास घेतला, काही बोलली नाही,
बाजूला ठेवलं, त्याच्याच शेजारचं,
तसलंच दुसरं, स्वतःसाठी काढलं.
मी थांबलो. का थांबलो, सांगता येणार नाही.
अजान झाली. खजूर, पाणी,
मग सुरी. रस मनगटावरून कोपरापर्यंत.

"कसं आहे?"

"दिवसभरानंतर काय बी गोडच लागतंय, साहेब.
मला काय इचारता."

माझं खरबूज तिनं काट्यावर ठेवलं.
आता आकडे लाल दिव्यांत येतात.
सवयीनं मी वाकलो,
काट्याच्या कोपऱ्यातला पाण्याचा बुडबुडा बघितला.
मधोमध होता.

"बघा," ती तोंड पुसत म्हणाली,
"तेवढं तरी बघा."